बिनदाताचा माणूस पाहिजे

वजनमापे खात्यातल्या निवृत्त निरीक्षकांनी एका मंगळवारी सकाळी आपले शेवटचे पाच दात उपटून घेतले. ते दुखत नव्हते. थोडे किडले होते, दोन हलत होते, पण चहात बुडवलेला पाव आणि सफरचंदाची पातळ फोड त्यांना अजून जमत होती. त्या बिचाऱ्यांनी कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं. ते गेले धाकटीच्या परीक्षेपायी.

परीक्षा मुलीची आणि दात बापाचे, हा काय प्रकार, असं कुणी विचारेल. विचारावंच. कारण दंतवैद्यक महाविद्यालयं जी गुळगुळीत माहितीपत्रकं छापतात, त्यांत पांढरा कोट असतो, हसरी मुलगी असते, मागं झाडं असतात. पण शेवटच्या वर्षाला प्रत्येक पोरानं आपापला रुग्ण आपण हुडकून आणायचा असतो, हे त्यांत कुठंही नसतं. कवळीच्या परीक्षेला माणूस लागतो बिनदाताचा. एखाददुसरा दात असलेला चालत नाही, पार मोकळं तोंड हवं. इमारत महाविद्यालयाची, खुर्ची महाविद्यालयाची, माणूस मात्र तुम्ही आणा! मग ही पोरं बसथांब्यावर, बागेत, वृद्धाश्रमाच्या फाटकाशी म्हाताऱ्यांच्या तोंडाकडं टक लावून उभी राहतात. एखाद्यानं जांभई दिली की चौघं धावतात. याला उच्च शिक्षण म्हणतात, आणि ते म्हणणाऱ्यांचे स्वतःचे दात शाबूत असतात.

तर धाकटीचा फोन आला तो हाच.

"आई, माझा म्हातारा पळाला."

"कोण म्हातारा?" आईच्या हातातला डाव तसाच राहिला.

"परीक्षेचा गं! त्याच्या मुलानं त्याला स्वतःकडं नेलं. महिन्यावर परीक्षा आलीय. दुसरा नाही मिळाला तर मी सहा महिने इथंच. आणि सहा महिने गेले की तिकडची जागाही गेली."

तिकडची म्हणजे समुद्रापलीकडची. कृत्रिम दात घडवण्याचं पुढचं शिक्षण, दोन वर्षांचं. निरीक्षक खुर्चीत बसून वर्तमानपत्राची एकच ओळ पुन्हापुन्हा वाचत होते. नापास झाली तर सहा महिने इकडंच राहील, कदाचित घरीच येईल, हा विचार त्यांच्या मनात आला नाही असं मुळीच नाही. आला, आणि चांगला ऐसपैस बसला. पाच वर्षांत धाकटी घरी आली ती पाहुण्यासारखी, परतीची वेळ आधीच ठरवून. त्या विचाराची निरीक्षकांना इतकी लाज वाटली, की त्याला हुसकावण्यासाठी ते ताडकन उठले आणि म्हणाले, "मी आणतो शोधून!"

माणसानं असं एकदम उठून काही बोलू नये.

वरच्या मजल्यावर एक चष्मेवाला राहायचा, चष्म्यांचं दुकान चालवणारा. डोळे आणि दात यांत अंतर ते केवढं, चार बोटं. तेव्हा दातांतलंही आपल्याला कळतंच, अशी त्याची ठाम श्रद्धा होती. त्यानं सल्ला दिला, "साहेब, लांब कशाला जाता? आधी आपली इमारत तपासा."

तपासायचं म्हटल्यावर निरीक्षकांना हुरूप आला. एकतीस वर्षं त्यांनी दुकानादुकानांतले तराजू तपासले होते. ते तळमजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंकडे गेले आणि खात्याच्या पद्धतीनं, सरळ आणि स्वच्छ, विचारलं, "बाई, तुमचे सगळे गेलेत का?"

"कोण गेलेत?"

"दात."

"माझ्या दातांचं राहू द्या," बाई म्हणाल्या, "तुमचं डोकं कधी गेलं ते सांगा." दार असं आपटलं, की चष्मेवाला वरून खाली बघायला आला. त्यानंतर बाई निरीक्षकांच्या बायकोशीही जिन्यात बोलेनात.

मग न्हाव्यानं एक गिऱ्हाईक सुचवलं. त्याला पुढं एकही दात नव्हता. निरीक्षकांनी त्याला दोनदा चहा पाजला, बसचं वेळापत्रक काढून दिलं, आणि निघायच्या आदल्या दिवशी त्यानं गालात बोट घालून अगदी मागची एक दाढ दाखवली. "ही मात्र आहे हां," तो अभिमानानं म्हणाला, "मरेपर्यंत सोडायची नाही."

मग वाचनालयाच्या फलकावर जाहिरात. तिच्यासाठी अर्ज करावा लागला. अर्जाला सभासद क्रमांक लागला. सभासदत्व संपलं होतं, ते आधी चालू करावं लागलं. ग्रंथपालानं मजकूर वाचला, 'बिनदाताचा माणूस पाहिजे, प्रवास व राहण्याची सोय होईल', आणि हे कोणत्या सदरात बसतं यावर बराच विचार करून तो कागद 'हरवले-सापडले' खाली लावला. चार दिवसांनी एक भला गृहस्थ दारात आला. त्याच्या हातात कागदात गुंडाळलेली एक कवळी होती, बागेतल्या बाकाखाली सापडलेली. "तुमची का?" त्यानं विचारलं. नाही म्हटल्यावर तो ती ठेवूनच गेला. म्हणाला, "मी तरी काय करू तिचं?"

ती परकी कवळी खिडकीत बघून बायकोचा धीर सुटला. "अहो, गावभर लोकांच्या तोंडात काय डोकावत फिरताय? जरा स्वतःकडं बघा!"

संतापानं बोललेलं वाक्य होतं ते. पण निरीक्षक सूचना तंतोतंत पाळणारे. ते न्हाणीघरातल्या आरशापुढं गेले, तोंड उघडलं, आणि मोजले. खाली चार. वर एक.

गल्लीतला दंतवैद्य तरुण होता आणि कंटाळलेला होता. 'तुम्ही हा धंदा का निवडलात?' असं निरीक्षकांनी त्याला एकदा विचारलं होतं, तर तो म्हणाला होता, "रात्रपाळी नसते." खरं बोलणारा माणूस म्हणून निरीक्षकांचा त्याच्यावर विश्वास होता.

"काय होतंय?" दंतवैद्यानं विचारलं.

"पाच आहेत."

"ते दिसतंय. काय होतंय?"

"नकोत."

दंतवैद्यानं ठोकून पाहिलं, हलवून पाहिलं, उसासा टाकला. "तसे ते वर्ष-दोन वर्षांचेच सोबती आहेत. पण आधी साखर बघा, रक्तदाब बघा, आणि हृदयवाल्यांची चिठ्ठी आणा." झालं! हृदयवाले रजेवर. त्यांच्या बदली बसलेले म्हणाले, आधीचे कागद आणा. रक्ताचा अहवाल आला त्यात निरीक्षकांना गर्भधारणा झालेली नाही असं स्वच्छ लिहिलं होतं, साखरेचा मात्र पत्ता नव्हता. पुन्हा रक्त. या सगळ्या धावपळीत निरीक्षकांनी दंतवैद्याला एकच प्रश्न विचारला, "नंतर कवळी बसेल ना?" आणि तो म्हणाला, "बसेल की! मस्त बसेल."

कधी, हे निरीक्षकांनी विचारलं नाही. दुकानदारानं 'माल येतो' म्हटलं की 'कोणत्या तारखेला' असा लगेच उलटा प्रश्न टाकणारा हा माणूस. पण त्या खुर्चीत पडल्यापडल्या त्यांना वरच्या दिव्याच्या जागी धाकटीचा चेहरा दिसत होता. ती वाकून बघतेय, तिची बोटं आपल्या तोंडात आहेत, आणि आपण तिच्या कामाला आलोय. माणूस इतकं गोड काही बघत असला की तारखा विचारत नाही.

घरी आले तेव्हा तोंडात कापसाचे बोळे होते. बायकोनं बघितलं, आणि खुर्ची ओढून समोर बसली.

"म्हणजे ती पास होणार," ती म्हणाली, "आणि लांब निघून जाणार. आणि त्यासाठी तुम्ही दात दिलेत."

निरीक्षकांना उत्तर द्यायचं होतं. बोळे होते.

चार दिवसांनी, सूज उतरल्यावर, निरीक्षक रात्रभराचा बसप्रवास करून महाविद्यालयाच्या खिडकीसमोर उभे राहिले. धाकटीला काही कळवलं नव्हतं. खिडकीमागं एक वयस्क कारकून होता. बोलताना त्याच्या तोंडात काहीतरी टकटक वाजायचं.

"नवीन की जुने?"

"मी शेवटच्या वर्षातल्या एका मुलीचा बाप."

"बापाचा रकाना नाही इथं. नवीन की जुने?"

"नवीन," निरीक्षक म्हणाले, आणि त्यांना कागद मिळाला. तो घेऊन चार नंबरच्या खोलीत. तिथून शिक्क्यासाठी नऊ नंबरमध्ये. तिथून दोन नंबरमध्ये, जिथं दात नसलेल्या माणसाच्या दातांचा एक्स-रे काढण्यात आला. मग एका लांबलचक दालनात, हिरव्या खुर्च्यांच्या रांगेत, सातव्या खुर्चीशी त्यांना धाकटी दिसली. केस वर बांधलेले, कोटाच्या खिशाला गुलाबी मेणाचे डाग.

"बाबा! तुम्ही? असे अचानक?"

निरीक्षक तिच्या खुर्चीत जाऊन बसले, मान मागं टेकली, आणि एखादं मोठं दार उघडावं तसं तोंड उघडलं.

धाकटीनं हसत हसत दिवा ओढला. मग तिचा आरसा धरलेला हात तिथल्या तिथं थांबला.

"कधी काढलेत?"

"मंगळवारी. पाचही. आता चालेल ना मी?"

"बाबा," ती इतक्या हळू म्हणाली की शेजारच्या खुर्चीतली दोघं वळून बघायला लागली, "दात काढले की हाड भरायला महिने लागतात. चार, सहा. ओल्या जखमेवर परीक्षेची कवळी नाही करत हो. परीक्षा दोन आठवड्यांवर आहे." मग तिनं दिवा बाजूला सारला आणि तोंड फिरवलं. ती रडतेय की हसतेय हे निरीक्षकांना पाठीवरून समजेना. दोन्ही असावं.

तेवढ्यात विभागप्रमुखबाई आल्या. त्यांनी निरीक्षकांचा जबडा दोन बोटांत धरला, वर्गाला हाक मारली, आणि बावीस पोरं गोळा झाली. "नीट बघून घ्या," बाई म्हणाल्या, "परीक्षेला असा रुग्ण आणायचा नाही." बावीस जणांनी आळीपाळीनं बघितलं. एकानं तर टाचा उंचावून. एकतीस वर्षं ज्या माणसाला बघून दुकानदार गल्ल्यामागून उठून उभे राहायचे, त्याचं हे झालं. नमुना म्हणून दाखवण्यात आलं, आणि तोही चुकीचा नमुना.

धाकटी नवा म्हातारा शोधायला मैत्रिणीच्या स्कूटरवरून निघून गेली. "तुम्ही इथंच बसा बाबा. काही करू नका. खरंच, काही करू नका."

निरीक्षक खिडकीशेजारच्या बाकावर बसले. काही न करणं त्यांना जमलं साधारण पाऊण तास. मग त्यांना दिसलं, की आत कारकुनाच्या टेबलावर कागदांचा एक गठ्ठा आहे आणि तो आडवातिडवा बांधलाय. "असा बांधत नाहीत," ते बाकावरून म्हणाले.

"मग या आत आणि बांधा!" कारकून टकटकला. "प्राचार्यांना संध्याकाळपर्यंत गोषवारा हवाय. शेवटच्या वर्षाच्या साठ पोरांची प्रश्नावली. दंतवैद्यक का निवडलं आणि पुढं काय करणार. कोण वाचणार हे?"

निरीक्षक आत गेले, पट्टी मागितली, कागदावर रकाने आखले आणि वाचायला बसले.

साठांतल्या एकोणीस जणांच्या आजीचे दात लहानपणी दुखत होते, आणि ते बघून त्यांनी निश्चय केला होता. अकरा जणांना 'लोकांच्या चेहऱ्यावर हास्य फुलवायचं' होतं; अकराही जणांनी हास्य हा शब्द एकाच पद्धतीनं चुकवला होता, कारण कागद एकाकडून दुसऱ्याकडे गेला होता. मग हळूहळू खरं बोलणारे यायला लागले. 'डॉक्टरकीला तीन गुण कमी पडले.' 'काकांचा दवाखाना आहे, त्यांना मुलगा नाही.' 'मला रक्त चालतं, माणूस मेलेला चालत नाही. दातानं सहसा कुणी मरत नाही.' पुढं काय करणार, याखाली सव्वीस जण परदेशी निघाले होते. तिघींनी लिहिलं होतं, 'लग्नानंतर ठरेल.' मुलांपैकी एकानंही तसं लिहिलं नव्हतं. त्यांची लग्नं बहुधा दुसरंच कुणीतरी करणार असावं. एकानं लिहिलं होतं, 'दात सोडून काहीही.' निरीक्षकांना तो पोरगा आवडला.

सतरा वर्षांच्या पोरांसमोर पन्नास ओळींचा फॉर्म टाकायचा, पसंतीक्रम भरा म्हणायचं, आणि मग पाच वर्षांनी विचारायचं, का निवडलं! हा प्रश्न पाच वर्षं आधी विचारायला कुणाची जीभ झडली होती?

कागदांवर नावं नव्हती. पण बेचाळिसाव्या कागदावरचं अक्षर निरीक्षकांनी लगेच ओळखलं. त्या अक्षराला रेघेवर बसायला त्यांनीच शिकवलं होतं.

का निवडलं? 'बाबांनी फॉर्म भरला.'

पुढं काय? 'लांब जाणार.'

एवढंच. बाकीची जागा कोरी.

निरीक्षकांनी चष्मा काढून पुसला. तो फॉर्म त्यांना आठवत होता. जेवणाचं टेबल, पट्टी, दोन रंगांची पेनं. पलीकडं धाकटी बसली होती, हातात साबणाची वडी आणि टाचणी, काहीतरी कोरत. 'दंतवैद्यक वर घेतो, बरोबर ना?' त्यांनी विचारलं होतं. ती म्हणाली होती, 'हं.' लोकांच्या किलोत दहा ग्रॅम कमी पडले तरी पंचनामा करणाऱ्या या माणसानं त्या 'हं'चं वजन केलं नव्हतं. होकार म्हणून तसंच घेतलं होतं.

गोषवाऱ्यात 'आईवडिलांनी ठरवलं' असा एक रकाना होता. त्यात आठ रेघा होत्या. निरीक्षकांनी नववी ओढली. पट्टी लावून, सरळ.

चारच्या सुमाराला कारकुनानं चहा मागवला. रुमाल पसरला, तोंडात दोन बोटं घातली, वरची आणि खालची अशा दोन्ही कवळ्या काढून रुमालावर ठेवली आणि पाव चहात बुडवला. निरीक्षक बघतच राहिले.

"तुम्हाला एकही नाही?"

"नाही."

"किती वर्षं?"

"झाली सहा."

"आणि तुम्ही इथं बसता! बाहेर पोरं म्हाताऱ्यांमागं पळतायत, आणि तुम्ही इथं खिडकीत बसता?"

"म्हणूनच गप्प बसतो," कारकून बोळक्या तोंडानं म्हणाला. दोघांचेही शब्द आता वाऱ्यावर चालले होते, पण दोघांना एकमेकांचं नीट कळत होतं. "तीस वर्षं या पोरांचे निकाल माझ्या हातून जातायत साहेब. कुणाच्या हातात तोंड द्यायचं? ही कवळी बाहेरून करून आणलीय. टोचते. पण ती करणाऱ्याचा निकाल मला माहीत नाही, तेवढंच समाधान."

"माझ्या मुलीचा निकाल गेलाय का हातून?"

कारकुनानं पाव खाली ठेवला. नाव विचारलं, मग मान डोलवली. उठला, मागचं कपाट उघडलं, आणि मेणाची एक दाढ टेबलावर ठेवली, मुठीएवढी मोठी, पिवळसर. "दुसऱ्या वर्षात कोरलेली. बाई दरवर्षी नव्या वर्गाला दाखवायला नेतात. फेकायची नाही अशी ताकीद आहे."

निरीक्षकांनी ती उचलली. दाढेच्या माथ्यावरच्या खाचा इतक्या बारीक होत्या, की त्यांनी बोट फिरवलं तेव्हाच समजल्या. घरी कधी बोलली नाही ही. आपण कधी विचारलं? 'जेवण कसं आहे, पाणी कसं आहे, गाडी किती वाजता,' याखेरीज आपण पाच वर्षांत काय विचारलं?

"मग अडचण काय आहे?" ते म्हणाले. आवाज जरा चढला. "इतकी चांगली आहे असं तुम्हीच म्हणता!"

कारकून खिडकीबाहेर बघायला लागला. "भीती वाटते हो," तो म्हणाला. "माप घेताना तो लगदा घशाशी येतो. मला ओकारी येते. सगळ्या पोरांसमोर... मी इथला माणूस आहे. उद्या मला कोण मान देणार?"

बावीस जणांनी आळीपाळीनं तोंड बघितलेल्या माणसाला हे अगदी आतपर्यंत पोचलं. "मी हात धरतो तुमचा," निरीक्षक म्हणाले. "ओकारी आली तर आधी मी ओकतो. मला तसंही आता इथं गमावण्यासारखं काही उरलेलं नाही."

पुढचे दहा दिवस निरीक्षकांनी कारकुनाचा हात धरला. रोज दुपारी, सातव्या खुर्चीशी, उजव्या बाजूला. माप घेताना कारकुनाची नखं त्यांच्या तळव्यात रुतायची. त्यांचं लक्ष तिकडं नव्हतं. ते धाकटीचे हात बघत होते. लगदा कालवताना ते हात घाई करत नव्हते. "नाकानं श्वास घ्या काका. पायाचा अंगठा हलवा. शाब्बास, झालंच," ती म्हणायची, आणि त्या आवाजात माया असायची. त्या दिव्याखाली आपलं तोंड असायला हवं होतं. हे शाब्बास आपलं होतं. साध्या एका 'कधी'पायी ते दुसऱ्या म्हाताऱ्याला गेलं.

परीक्षेच्या दिवशी नातेवाइकांना आत सोडत नव्हते. निरीक्षक बाहेरच्या बाकावर बसून राहिले. दुपारी कारकून बाहेर आला तो छाती काढून. काही वाजत नव्हतं. त्यानं उपाहारगृहातून एक सफरचंद घेतलं, सगळ्यांच्या देखत कचकन चावा घेतला, आणि मग मात्र त्याचे डोळे भरून आले. सहा वर्षांत पहिलं, म्हणाला. निरीक्षकांनी त्याच्या पाठीवर थोपटलं आणि आपला सूपचा पेला उचलला.

धाकटी आली, समोर बसली. विभागप्रमुखबाईंनी परीक्षकांसमोर कवळी उलटसुलट करून बघितली होती आणि 'हं' एवढंच म्हणाल्या होत्या. बाईंचं 'हं' म्हणजे पहिला नंबर, असं सगळं महाविद्यालय जाणून होतं.

"तुझी प्रश्नावली वाचली मी," निरीक्षक म्हणाले. "मुद्दाम नाही. गठ्ठा बांधायला दिला होता."

धाकटी चमच्यानं टेबलावर काहीतरी कोरायला लागली. "तुम्हाला लागलं?"

"खरंच होतं ते. मी तुझ्याकडं बघून विचारायला हवं होतं. मी फॉर्मकडं बघून विचारलं."

"पहिलं वर्षभर मी तुमच्यावर जाम चिडले होते. म्हणून सुट्टीत यायचे आणि लगेच पळायचे. तिथं आले की ते टेबल दिसायचं." ती थांबली. "मग मेणाची दाढ कोरायला दिली. बाकी सगळे कंटाळले, बाबा. मी तीन दिवस जेवायला उठले नाही. तेव्हा कळलं, मला माणसांचे दात नाही काढायचे. मला ते घडवायचेत. हे लिहायला त्या कागदावर जागाच नव्हती. दीड ओळ दिली होती त्यांनी."

"मग राग गेला, तरी लांबच चाललीस?"

"तिथला एक म्हातारा शिक्षक हे सगळ्यांत चांगलं शिकवतो. तुमच्यावर रागावून नाही चालले आता." तिनं चमचा खाली ठेवला. "आधी रागावून जाणार होते. आता नुसतीच जाणार."

निरीक्षकांना खूप काही बोलायचं होतं. दोन वर्षं म्हणजे किती, हे त्यांनी बसमध्ये येताना दिवसांत मोजून ठेवलं होतं. ते म्हणाले, "तिकडं थंडी असते. जाड मोजे घेतलेस का?"

ती गेली. घर पुन्हा दोघांचं झालं. बायकोनं सूपचे अकरा प्रकार शिकून घेतले. चष्मेवाल्यानं गावातल्या सात दंतवैद्यांची नावं दिली आणि प्रत्येकाविषयी वाईट बोलला. त्या परक्या कवळीचा प्रयोग करून बघा, असंही त्यानं एकदा सुचवलं. बायकोनं ती त्याच दिवशी ग्रंथपालाच्या टेबलावर नेऊन ठेवली. सहा महिने झाल्यावर गल्लीतल्या दंतवैद्यानं निरीक्षकांच्या हिरड्यांवरून बोट फिरवलं आणि त्याचा कंटाळलेला चेहरा पहिल्यांदा खुलला. "अहो, काय सुंदर भरल्यात! पुस्तकात छापाव्यात अशा. आज माप घेऊन टाकू?"

"आज नको," निरीक्षक म्हणाले.

पुढच्या महिन्यात तो म्हणाला, आज? आज बस पकडायची होती. त्याच्या पुढच्या महिन्यात निरीक्षकांनी रस्ताच बदलला. जिन्यात कुणी विचारलं की सांगायचे, अजून भरल्या नाहीत. मुख्याध्यापिकाबाई पुन्हा बोलायला लागल्या होत्या, त्यांनाही तेच. बायको फक्त बघायची आणि सूप वाढायची.

धाकटीला जाऊन दहा महिने झाले तेव्हा एका रविवारी तिचा फोन आला. "बाबा, कवळी कशी बसली?"

"केलीच नाही अजून. हिरड्या कच्च्या आहेत."

"वर्ष झालं की हो! असं कसं? फोटो पाठवा बघू."

झाली का पंचाईत! निरीक्षक खिडकीत उजेडाला उभे राहिले. बायकोनं फोन धरला. चष्मेवाला विजेरी घेऊन धावत आला आणि ती आधी त्यांच्या डोळ्यांतच मारली. वरचा एक, खालचा एक, असे दोन फोटो गेले. मग फोन टेबलावर ठेवून निरीक्षक समोर बसले, तराजू सील व्हायची वाट बघणाऱ्या दुकानदारासारखे. आता ती तज्ज्ञ. जगातल्या सगळ्यांत चांगल्या म्हाताऱ्याकडं शिकलेली. तिला काय दिसणार नाही?

पलीकडं ती फोटो मोठा करून बघत असावी. एकदा तिनं नाक ओढल्यासारखं झालं.

"हो बाबा," मग ती म्हणाली. "कच्च्याच आहेत. मुळीच तयार नाहीत. कुणाला हात लावू देऊ नका."

निरीक्षकांनी बायकोकडं बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

"अजून किती दिवस लागतील?" त्यांनी विचारलं. या वेळी तारीख विचारायला ते विसरले नाहीत.

"चौदा महिने," धाकटी म्हणाली. "मी परत येईपर्यंत."

"बरं डॉक्टर," निरीक्षक म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं," आणि त्यांनी तोंड मिटून घेतलं.